‘खरं कशावरून?’ एवढं विचारू द्या



पालक सभेत आपलं बोलणं फिरून फिरून मोबाईलवर येतं. “सर, याचा मोबाईल तेवढा सोडवा,” असं तुम्ही म्हणता. मूल फोन किती वेळ बघतं याची काळजी आपण सगळेच करतो. त्यात बघितलेलं ते किती खरं मानतं, हे मात्र क्वचितच विचारतो.

दहावीच्या इतिहासात, २०१८ साली आलेल्या पुस्तकात, ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हा धडा आहे. जर्मनीच्या ‘स्टर्न’ साप्ताहिकाची गोष्ट त्यात येते. १९८३ साली या साप्ताहिकानं लाखो मार्क मोजून मिळवलेल्या हिटलरच्या डायऱ्या गाजावाजा करून छापायला घेतल्या आणि थोड्याच दिवसांत त्या बनावट निघाल्या. तपासणीत कळलं, कागदच मुळी युद्धानंतरचा! माध्यमांतून आलेली माहिती पारखून घ्यावी, हे त्या धड्याचं सांगणं. परीक्षेसाठी मुलं त्याचं उत्तर पाठ करतात, गुणही मिळवतात. आणि संध्याकाळी ‘स्वामींचा हा फोटो अकरा जणांना पाठवा, नाहीतर...’ असा मेसेज आला की मुकाट्यानं पुढे ढकलतात. स्वामींच्या अक्कलकोटात राहून आपणच तो थांबवणार नाही, तर कोण थांबवणार?

आम्हा शिक्षकांतही यावर एकमत नाही. काही म्हणतात, पोर्शन संपवतानाच दम निघतो, त्यात आणखी एक विषय नको. काहींना वाटतं, वेगळा विषय कशाला हवा? मराठीत बातमीलेखन, जाहिरातलेखन आहेच. लिहायला शिकवताना पारखायलाही शिकवू. बातमी कोणी दिली, जाहिरातीनं काय झाकलं, हे विचारू. मी या दुसऱ्या बाजूचा. केरळातल्या कन्नूर जिल्ह्यानं २०१८ मध्ये सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखायचे वर्ग घेतले होते. आपल्याकडेही ते अवघड नाही.

पण शाळेत कितीही शिकवलं तरी सराव घरीच होणार. कारण अफवा येते ती काका-मामांच्या ग्रुपवर, मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत. मुलानं तिथं “काका, हे कुठून आलं?” असं विचारलं की आपण डोळे वटारतो. मोठ्यांना उलट बोलतोस? इथंच आमचं शिकवणं वाया जातं.

अफवा न पारखण्याची किंमत आपल्या जिल्ह्यानं मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. त्यांतले काही आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवेनं गावाच्या मनात आधीच भीती भरली होती. अफवा पुढे पाठवणारे सगळेच काही खुनी नव्हते. ‘काळजीपोटी’ पाठवणारेच असतील. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. कंपनीला शहाणपण सुचलं, आपलं काय?

म्हणून माझं मागणं फार नाही. मेसेजवर दोन बाण दिसले, म्हणजे तो हातोहात फिरत आलाय, हे मुलाकडून समजून घ्या. फोटो जुना आहे का, दुसऱ्याच गावचा आहे का, हे गूगल लेन्सवर त्यालाच शोधू द्या. कुणी केलंय, कधीचं आहे, दुसरीकडे कुठे छापून आलंय का, एवढं दोघांनी मिळून बघा. उत्तर सापडेना, तर पुढे पाठवू नका. अशा मेसेजमुळे पैशांची फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता १९३० वर लगेच फोन करा. मुलांनी चुका सांगायला यावं असं वाटत असेल, तर आपणही रागावण्याची घाई करू नये.

आणि पुढच्या सभेला येताना तुमच्या ग्रुपवर आलेला, तुम्हाला खरा वाटलेला एक मेसेज घेऊन या. नववीची मुलं तो तुमच्यासमोर तपासतील. तपासताना त्यांनी तुम्हालाही प्रश्न विचारले, तर ते उद्धटपणात धरू नका. ते आम्ही शिकवलेलं आहे.