आधी खडक, मग सॉफ्टवेअर
प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तेलक्षेत्रातल्या रिझर्व्हॉयर इंजिनिअरिंगकडे वळायचे आहे. थेट सिम्युलेशन सॉफ्टवेअर शिकू का?

उत्तर : एवढ्यात नको. आधी खडक समजून घ्या. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचे तेल समुद्रतळाखाली तळ्यासारखे साचलेले नाही. ते चुनखडीच्या बारीक छिद्रांत आहे. छिद्रे किती आणि ती एकमेकांना जोडलेली किती, हे दोन वेगळे प्रश्न. जोडणीच नसेल तर तेल असूनही विहीर काय कामाची? मग डार्सीचा नियम : दाबातल्या फरकाने खडकातून तेल किती वेगाने वाहते, ते तो सांगतो. म्हणजे दाब टिकायला हवा. उपशाने दाब फार घटला की तेलात विरघळलेला वायू सुटतो, तेल मागे अडकते. म्हणूनच मुंबई हायमध्ये १९८४ पासून पाणी दाबून भरतात. मटेरिअल बॅलन्सचे, म्हणजे साठ्यातून किती काढले आणि किती उरले या हिशेबाचे, एक तरी गणित वहीत, हाताने सोडवा. कंटाळवाणे आहे, पण सॉफ्टवेअरने दिलेले चुकीचे उत्तर त्यामुळेच ओळखता येते.