विका, पण घेणार कोण?

मोटारींच्या धंद्यापायी डेट्रॉईटच्या आसपास स्थायिक झालेली मराठी मंडळी बरीच आहेत, आणि त्यातली थोडी पिस्टन्सच्या नादी लागलेली आहेत. मी त्या थोड्यांतला. २०२३-२४ च्या हंगामात या बास्केटबॉल संघाने ८२ पैकी १४ सामने जिंकले. मध्ये सलग २८ हरले. एनबीएमध्ये एकाच हंगामात एवढे सलग पराभव त्याआधी कोणाच्याच नावावर नव्हते. संघ असा खेळायला लागला की सामना बघणं मागे पडतं आणि कोणाला काढा, कोणाला आणा यावरच शनिवारची रात्र सरते. नोव्हायमधल्या आमच्या बेसमेंट-बैठकांत मला जे उमगलं, ते इथे मांडतो.

१. समोरच्या संघालाही डोकं असतं.
आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, हे जगाचं झालं. हरणाऱ्या संघाच्या फॅनचं वेगळंच असतं. सामना चालू असेपर्यंत आपला खेळाडू कार्टं. विकायला काढला की लगेच बाब्या! किलियन हेजला रोज शिव्या घालणारे आमच्यातले एक काका त्याच्या बदल्यात ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडायचा हक्क, मागत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाने त्याला सोडूनच दिलं. बदल्यात काही म्हणजे काही आलं नाही.

२. यंत्र पास म्हणालं म्हणजे ट्रेड झाला असं नाही.
ईएसपीएनच्या ट्रेड मशीनवर माझा भाचा रात्री एकपर्यंत बसायचा. "मामा, हे बघ, पास झाला!" यंत्र मुख्यतः पगारांचा मेळ बघतं, कारण लीगच्या पगारमर्यादेच्या नियमांत तो बसावा लागतो. दुसरा संघ फोन उचलेल का, हे ते बघत नाही. त्यात पिकांची अडचण वेगळीच. टेड स्टेपियन नावाच्या क्लीव्हलंडच्या मालकाने १९८० च्या सुमारास पहिल्या फेरीचे पिक इतके उधळले की लीगला नियम करावा लागला: पुढच्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीचा एकही पिक हाती राहणार नाही, असा सौदा करायचा नाही. पिस्टन्सने २०२० मध्येच एक पिक अटी घालून देऊन टाकला होता. संघ तळाला असेपर्यंत तो द्यावा लागत नव्हता, त्यामुळे देणं वर्षानुवर्षं पुढे सरकत राहिलं आणि त्या काळातले बाकीचे पिकही अडकून पडले. चार पिक देऊन स्टार आणा, हे म्हणायला ठीक आहे. पण ते चार पिक आणणार कुठून?

३. हरण्याची योजना आखू नये.
"आता हराच, म्हणजे पहिला पिक मिळेल," हा वाद डिसेंबरपासूनच सुरू होतो. २०१९ च्या नियमांनी तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या पिकाची शक्यता सारखीच होती, १४ टक्के. अगदी शेवटच्या संघाच्या वाट्याला सर्वांत जास्त शक्यतेने यायचा तो पाचवा पिक, जवळजवळ ४८ टक्के. पिस्टन्सला २०२२, २०२३ आणि २०२४ अशी ओळीने तीन वर्षं पाचवाच मिळाला. २०२३ मध्ये लीगमध्ये सर्वांत जास्त हरून झालं, आणि पहिला पिक, म्हणजे वेम्बन्यामा, गेला सॅन अँटोनियोला.

४. चिडलेले असताना सर्वांत चांगला माणूस विकायला काढू नये.
२६ डिसेंबर २०२३ ला लिटिल सीझर्स अरेनात सलग सत्ताविसावा पराभव झाला. ब्रुकलिनविरुद्ध, ११८-११२. केड कनिंगहॅमने ४१ गुण केले, त्यातले ३७ उत्तरार्धात. तरीही हरलो. वरच्या मजल्यावर "सेल द टीम"चा गजर चालला होता. माझ्या पुढच्या रांगेतला एक माणूस सर्वांत मोठ्याने ओरडत होता आणि त्याच्या अंगात जर्सी केडचीच होती. परतताना गाडीत केडलाच विकून नव्याने सुरुवात करावी असा ठराव मांडला गेला. मी कडाडून विरोध केला. एवढ्या तरण्या पोराच्या भोवती नेम धरणारे शूटरच ठेवले नव्हते, तर त्याने पास द्यायचा कोणाला? पुढच्या हंगामात तो सामन्यामागे २६ गुण आणि ९ असिस्टपर्यंत गेला आणि ऑल-स्टार झाला.

५. दुसऱ्याच्या ट्रेडवरही नजर ठेवावी.
३० डिसेंबरला टोरांटोविरुद्ध पराभवांची माळ तुटली. त्याच दिवशी टोरांटोने ओजी अनुनोबीला न्यूयॉर्कला देऊन टाकलं होतं आणि बदल्यातले खेळाडू अजून पोचले नव्हते. आपण १२९-१२७ ने जिंकलो. देवाने दिलं, घेतलं.

६. मोठ्या नावाला भुलू नये.
हे मला जुन्या मंडळींनी शिकवलं. २००० मध्ये ग्रँट हिल गेला तेव्हा डेट्रॉईटमध्ये सुतक होतं. त्याच्या बदल्यात ऑर्लँडोकडून आला बेन वॉलेस. २००३ च्या ड्राफ्टमध्ये संघाने दुसऱ्या क्रमांकावर डार्को मिलिचिचला उचललं आणि कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड सगळे मागे राहिले. याहून मोठी चूक शोधून सापडणार नाही. तरीसुद्धा फेब्रुवारी २००४ मध्ये रशीद वॉलेस आला आणि जूनमध्ये लेकर्सला ४-१ ने हरवून विजेतेपद मिळालं. नोव्हेंबर २००८ मध्ये मात्र चॉन्सी बिलप्सला डेन्व्हरला देऊन ॲलन आयव्हरसन आणला. केवढं नाव! त्याआधी ओळीने सहा वर्षं हा संघ पूर्वेच्या अंतिम फेरीत होता. त्या हंगामात पहिल्याच फेरीत क्लीव्हलंडकडून एकही सामना न जिंकता बाहेर पडला. बिलप्सचा डेन्व्हर पश्चिमेच्या अंतिम फेरीत. आयव्हरसनचा करार संपल्यावर जो पगार मोकळा झाला, तो बेन गॉर्डन आणि चार्ली व्हिलानुएव्हावर खर्च झाला. त्यावर काय बोलणार?

७. कोचचा ट्रेड सहसा नसतो.
माँटी विल्यम्सला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८५ लाख डॉलरचा करार दिला आणि एका हंगामात घरी पाठवलं. खेळाडूंच्या पगारावर तासन् तास भांडणाऱ्यांनी या आकड्याकडे थोडं आधी बघायला हवं होतं.

८. ट्रेडचा हिशेब त्याच रात्री मांडू नये.
फेब्रुवारी २०२४ मध्ये बोयान बोगदानोविच आणि ॲलेक बर्क्स न्यूयॉर्कला गेले. क्वेंटिन ग्राइम्ससह चौघे आणि दुसऱ्या फेरीचे दोन पिक आले. आमच्या बैठकीने एकमताने कपाळाला हात लावला. ग्राइम्स दुखापतींमुळे फारसा खेळलाच नाही. त्या उन्हाळ्यात तो डॅलसला गेला आणि टिम हार्डवे ज्युनियर आला, वर दुसऱ्या फेरीचे तीन पिक. शिवाय टोबायस हॅरिस आणि मलिक बीस्ली यांच्याशी करार झाले. तिघंही तिशीकडे झुकलेले किंवा ती ओलांडलेले. एकाच्याही नावाची जर्सी कोणी घेतली नाही. पण बीस्लीने ३१९ थ्री टाकले आणि संघ १४ विजयांवरून ४४ वर गेला. तिकडे न्यूयॉर्कने बोगदानोविच आणि पिकांचा ढीग ब्रुकलिनला देऊन मिकाल ब्रिजेस घेतला.

एप्रिल २०२५ मध्ये प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत हे दोन संघ समोरासमोर आले, आणि त्या साखळीची दोन्ही टोकं, हार्डवे आणि ब्रिजेस, एकाच मैदानावर. डेट्रॉईटमधला चौथा सामना, ९४-९३ ने न्यूयॉर्क पुढे, शेवटचं सेकंद. कोपऱ्यातून हार्डवेने थ्री मारला आणि जॉश हार्ट त्याच्या अंगावर आला. शिट्टी वाजलीच नाही. सामना संपल्यावर मुख्य पंचांनी कबूल केलं की फाउल द्यायला हवा होता. मिळाला असता तर तीन फ्री थ्रो. हार्डवेने त्यातले किमान दोन घातलेच असते, असं भाचा म्हणतो. काका म्हणतात, बोगदानोविचने तिन्ही घातले असते.