कुलूपवाल्याने टिपलेला तारा

दक्षिण अमेरिकेत आर्जेन्टिना नावाचा देश आहे. त्या देशात रोसारिओ हे मोठे शहर आहे. तेथे व्हिक्तोर बुसो नावाचे एक गृहस्थ कुलपे-किल्ल्यांचा धंदा करीत. दिवसा कुलपे आणि रात्री आकाश! घराच्या गच्चीवरच त्यांनी मोठी दुर्बीण बसविली होती. त्याचा पगार नाही, कुणाचा हुकूम नाही. निव्वळ हौस.

हौस कसली? तर दूरदूरच्या दीर्घिकांची चित्रे टिपण्याची.

दीर्घिका म्हणजे काय, ते आधी पाहू. अंधाऱ्या रात्री आकाशगंगेचा पांढुरका पट्टा आपण सर्वांनी पाहिला आहे. तो अब्जावधी ताऱ्यांचा समूह आहे. आपला सूर्य त्यांतलाच एक. असे ताऱ्यांचे समूह आणखी कितीतरी आहेत. त्यांना दीर्घिका म्हणतात. त्या फार लांब आहेत. उजेड एका सेकंदात ३ लाख किलोमीटर जातो. सूर्याचा उजेड आपल्याकडे सुमारे ८ मिनिटांत येतो. आणि बुसो यांनी त्या रात्री जी दीर्घिका निवडली, तिचा उजेड यायला लागतात सुमारे ८ कोटी वर्षे! तिची ओळख यादीतल्या क्रमांकाने आहे : एनजीसी ६१३.

मग इतक्या लांबचे चित्र निघते कसे?

दुर्बीण दूरचे जवळ आणते, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. दुर्बिणीचे मोठे काम उजेड गोळा करण्याचे. पावसात अंगणात एक वाटी ठेवा आणि शेजारी एक परात ठेवा. पाणी कशात जास्त साठेल? आपल्या डोळ्याची बाहुली म्हणजे वाटीहूनही लहान. बुसो यांच्या दुर्बिणीचा आरसा ४० सेंटिमीटर रुंद, म्हणजे चांगली परातच.

दुसरी गोष्ट वेळेची. आपला डोळा आपले भांडे क्षणाक्षणाला रिकामे करतो. कॅमेरा तसे करीत नाही. तो उजेडाचे थेंब साठू देतो. मात्र पृथ्वी फिरते, म्हणून दुर्बीणही हळूहळू फिरवावी लागते. नाहीतर ताऱ्यांच्या नुसत्या रेघा उमटतात. शिवाय शहराच्या दिव्यांचा उजेडही त्याच भांड्यात पडतो. फार वेळ ठेवले तर सगळे चित्र पांढरे! यावर उपाय असा : थोड्या थोड्या वेळाची पुष्कळ चित्रे घ्यायची आणि मग संगणकावर ती एकात एक मिळवायची.

२० सप्टेंबर २०१६ ची रात्र. बुसो यांना नवा कॅमेरा पारखून पाहायचा होता. ही दीर्घिका रोसारिओवरून जवळजवळ डोक्यावरून जाते. त्यांनी तिची वीस-वीस सेकंदांची चित्रे घ्यायला सुरुवात केली. पुष्कळजण चित्रे घेऊन ठेवतात आणि सवडीने पाहतात. बुसोंनी ती तिथल्या तिथे पाहिली. पहिल्या चित्रांत नसलेला एक बारीक ठिपका पुढच्या चित्रांत उमटला होता.

आता आली का पंचाईत! कॅमेरा नवा. ठिपका खरा की कॅमेऱ्याची खोड? अशा वेळी पारख करावी लागते. खोड असेल तर ठिपका ताऱ्यांबरोबर जागेवर राहत नाही, किंवा एकाच चित्रात येऊन जातो. एखादा लघुग्रह असेल तर तो सरकतो. हा ठिपका सरकेना, जाईना. उलट उजळत चालला.

बुसोंनी आपल्यासारख्याच दुसऱ्या एका हौशी निरीक्षकाला कळविले. तेथून वार्ता जगभर गेली. मोठमोठ्या दुर्बिणी त्या दीर्घिकेकडे वळल्या.

तो ठिपका म्हणजे एका प्रचंड ताऱ्याचा स्फोट होता. अशा ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा आत कोसळतो. त्या धक्क्याची लाट आतून निघून ताऱ्याच्या पृष्ठभागाशी येते, आणि तारा बाहेरून पहिल्यांदा लखलखतो. नंतर तो तारा कित्येक आठवडे दिसतो. पण ती पहिली लखलख फार थोडा वेळ टिकते. कोणत्या दीर्घिकेत, कोणत्या रात्री, कोणत्या घटकेला ती होईल, हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे वाट पाहत होते. अशी लखलख नेमकी हाती लागण्याचा योग एक कोटीत एक, कदाचित त्याहूनही कमी, असे त्यांनी म्हटले. योग खरा. पण ती चित्रे बुसोंनी सकाळवर ढकलली असती, तर त्या रात्री जगाला काही कळलेच नसते.

ला प्लाता येथील मेलिना बर्स्टेन यांनी व इतर शास्त्रज्ञांनी त्या चित्रांचा अभ्यास केला. तो तारा जन्मतः सुमारे २० सूर्यांच्या वजनाचा असावा, आणि फुटण्यापूर्वी त्याचे पुष्कळसे वजन गेलेले असावे, असा हिशेब निघाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांचा लेख ‘नेचर’ या प्रसिद्ध नियतकालिकात आला. लेखकांच्या नावांत कुलूपवाल्या बुसोंचेही नाव छापलेले होते.