जुन्या भिंतीला सिमेंट का सोसत नाही?

तुमच्या गावात एखादा जुना वाडा किंवा देऊळ असेलच. भिंतीला ओल आली, चुन्याचा गिलावा सुटू लागला, की पुष्कळदा लोक वर्गणी काढतात आणि भिंतीला सिमेंटचा जाड गिलावा देतात. वास्तू नव्यासारखी दिसू लागते. परंतु काही पावसाळे गेले, की सिमेंटचे पोपडे सुटतात आणि आतल्या विटेचा भुगा झालेला आढळतो. औषधानेच रोग वाढला! असे का व्हावे?

प्रथम चुना समजून घेऊ. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले, की तो खूप तापतो आणि विरतो. हा विरलेला चुना व वाळू घाणीत मळून गिलाव्याला वापरत. भिंतीवर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, तीच ही क्रिया.

असा गिलावा सच्छिद्र असतो. जमिनीतले पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढते, ते गिलाव्यातून वाफ होऊन निघून जाते. पाण्यातले क्षार गिलाव्यात साचतात. गिलावा झिजतो, पण भिंत वाचते. झिजलेला गिलावा काढून नवा देता येतो.

सिमेंटचा गिलावा घट्ट व ताठर. त्यातून ओल सहजी बाहेर पडत नाही. मग ती भिंतीत आणखी वर चढते. क्षारांचे स्फटिक विटेतच वाढतात आणि वीट फोडतात. सिमेंट वाईट आहे असे नाही. नव्या इमारतींना ते उपयोगीच आहे. फक्त जुन्या मऊ भिंतीशी त्याचे जमत नाही.

याचे मोठे उदाहरण दिल्लीचे. सोळाव्या शतकातल्या हुमायूनच्या कबरीचे छत गळू नये म्हणून विसाव्या शतकात त्यावर काँक्रीटचे थर चढवले गेले. पुढे जीर्णोद्धारात हे थर हातांनी फोडून काढावे लागले. त्यांचे वजन दहा लाख किलोग्रॅमहून अधिक भरले! त्यांच्या जागी पुन्हा चुन्याचाच थर घातला गेला. हे काम २०१३ साली पुरे झाले.

आता एक प्रयोग करा. दोन सारख्या विटा रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी निथळून एक उघडी ठेवा, दुसरी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. दोन दिवसांनी दोन्हींचे वजन करा. कोणती जड भरली? का? (कळीच्या चुन्याशी मात्र खेळू नका, त्वचा भाजते, डोळ्यांना इजा होते.)

शिक्षकांसह जवळची एखादी जुनी वास्तू पाहून या. ओल कुठवर चढली आहे, डागडुजी कशाने केली आहे, याची नोंद करा. मात्र भिंत खरवडू नका. गावात उद्या दुरुस्तीची बैठक भरली, तर ही नोंदवही घेऊन जा आणि एवढेच विचारा : ही भिंत मुळात कशाने बांधली आहे?