खातेयादी उघडताना प्रोग्राम का अडकतो?

प्रश्न : अडत दुकानाचा हिशेबाचा प्रोग्राम ऐन तुरीच्या हंगामात खातेयादी उघडताना अडकून बसतो. नवा संगणक घ्यावा का? (वाचक, निर्णा, जि. बीदर)

उत्तर : डेटाबेसवर चालणाऱ्या डेस्कटॉप प्रोग्रामचा संथपणा बहुधा यंत्रात नसून फॉर्मच्या रचनेत असतो. फॉर्म उघडताच सगळी खाती मागवली जातात आणि प्रत्येक ओळीतल्या शिलकीसाठी वेगळी क्वेरी जाते. दोन हजार खाती म्हणजे दोन हजार फेऱ्या. फाइल दुसऱ्या संगणकावर असेल तर त्याही नेटवर्कवरून. स्क्रीन रंगवणाऱ्या थ्रेडवरच हे काम चालत असल्याने तेवढा वेळ माउसही दाद देत नाही.

म्हणून आधी शिलकी एकाच क्वेरीत आणाव्यात. मग गाव किंवा नावाची आद्याक्षरे टाकल्याशिवाय यादी भरूच नये. डॉट नेटच्या डेटाग्रिडव्ह्यूमध्ये फक्त दिसणाऱ्या ओळी भरण्यासाठी व्हर्च्युअल मोड आहे. एसक्यूलाइटवर क्यूटीचे मॉडेल नोंदी २५६ च्या तुकड्यांनी आणते. डेल्फीत नोंदी फिरवताना डिसेबलकंट्रोल्स वापरल्यास ओळीगणिक ग्रिड पुन्हा रंगवले जात नाही.

जुन्या फॉक्सप्रोत एक बारकावा फार दुर्लक्षिला जातो. तिथले रशमोअर तंत्र शोध वेगाने लावते, पण अट इंडेक्सशी तंतोतंत जुळली तरच. इंडेक्स 'अपर(नाव)' वर आणि शोध नुसत्या 'नाव' वर असेल, तर सगळी फाइल चाळली जाते.

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९३ साली मांडलेल्या मर्यादेनुसार एका सेकंदापर्यंतच्या विलंबाने कामाची तंद्री मोडत नाही. या दुरुस्त्यांनंतरही यादीला त्याहून जास्त वेळ लागला, तरच आधी एसएसडी आणि मग नव्या संगणकाचा विचार करावा.