पत्रिकेत नावं किती?

प्रश्न : मुलीचं लग्न ठरलं आहे. व्याह्यांना सुक्यामेव्याच्या खोक्यातली पत्रिका हवी, तिच्यात साठ-सत्तर नावं आणि पुढाऱ्यांचे फोटो. शिवाय ड्रोनने काढलेला निमंत्रणाचा व्हिडिओ. काय करावं?
– एक वधूपिता, सातारा

उत्तर : खोक्याला आणि ड्रोनला स्पष्ट नाही म्हणा. त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नका.

नावांचं जरा नाजूक आहे. आजकाल वर कुलदैवत, मग आमदार-सरपंच, प्रमुख उपस्थिती, निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त मित्रमंडळ अशी रांग लागते आणि मुहूर्त खाली कोपऱ्यात इतका बारीक, की आजीला नातवाकडून वाचून घ्यावा लागतो. पण भावकीतलं एक नाव राहिलं तर रुसवा वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून ‘समस्त भावकी’ एवढंच छापा आणि हळदकुंकू लावलेली पत्रिका, अक्षता घेऊन घरोघरी स्वतः जा. ‘किलबिल’ मात्र ठेवा. त्यात आपलं नाव शोधणारी पोरं मला फार आवडतात.

पुढाऱ्यांची नावं टाळा. नाव छापलं की वाट पाहणं आलं, भाषण आलं. मुहूर्त टळतो आणि पंगती खोळंबतात. व्याह्यांना हेच कारण सांगा, पटेल.

आणखी एक. विवाहनोंदणीच्या अर्जासोबत लग्नपत्रिका जोडावी लागते. तेव्हा वधू-वरांची पूर्ण नावं, तारीख आणि लग्नस्थळ ठळक छापा, नावं आधारकार्डाशी ताडून घ्या आणि छपाईआधी प्रूफ दोन्ही घरांनी वाचा.