हिरवा आडोसा

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या बाजूला गेले की जिकडे तिकडे केळीच्या बागा लागतात. नीट पाहिले तर पुष्कळ बागांच्या कडेने, सडपातळ आणि पिवळ्या फुलांच्या झाडांची एक दाट रांग उभी असते. ती शेवरी होय. केळीचे पान शिडासारखे रुंद. वैशाखातला तप्त वारा सुटला की त्याच्या चिंध्या होतात, आणि घडाच्या ओझ्याने वाकलेले झाड वावटळीत आडवे होते. म्हणून बागाइतदार केळीच्या लागणीबरोबरच कडेने शेवरीचे बी टोकतात. पाणी मिळाले तर ती वर्षभरात सुमारे ४ मीटर उंच होते. पक्क्या भिंतीवरून आलेला वारा पलीकडे उतरून घोंघावतो. शेवरीच्या पाल्यातून गाळून आलेला वारा मात्र निवतो. शेळ्यांना पाला मिळतो, तो वेगळाच.

जी गरज केळीला, तीच घरामागील परसदाराला. धुणीभांडी, न्हाणी, कुरडया-पापडांचे वाळवण ही घरातील कामे तेथेच चालतात. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर सतत आत पडत असेल, तर घरातील बायकांना मोकळेपणाने वावरता येत नाही. पूर्वी यासाठी पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा कूड घालीत. परंतु त्याला वाळवी लागे, तो वर्षा-दोन वर्षांनी नवा करावा लागे, आणि एखादी ठिणगी उडाली तर क्षणात पेट घेई. जिवंत कुंपणाला ही भीती नाही.

आता साहजिकच मनात येते, की सर्वांत लवकर वाढणारे झाड लावून मोकळे व्हावे. शेवग्याची फांदी रोवली तर ती झपाट्याने वाढते खरी. पण थोड्याच दिवसांत तिचा पाला डोक्यावर जातो आणि खाली नुसते खोड उरते. अशा झाडाने आभाळ झाकते, अंगण झाकत नाही! आडोशाला पाने हवीत ती जमिनीपासून माणसाच्या डोक्यापर्यंत. शेवरीही फार वर्षे टिकत नाही. मेंदी टिकते, पण ती दाट व्हायला दोन-तीन वर्षे घेते.

यावर तोड सोपी आहे. मृगाचा पाऊस झाला की आतल्या बाजूला मेंदीची रोपे दोन ओळींत, वीत-दीड वीत अंतराने लावावीत. एका ओळीतील रोप दुसऱ्या ओळीतील दोन रोपांच्या मधोमध यावे. बाहेरच्या बाजूला, दोन-तीन हात सोडून, शेवरीचे बी विरळ टोकावे. दाट टोकले तर मेंदीला ऊन मिळणार नाही. मेंदी गुडघ्याएवढी झाली की तिचे शेंडे कापावेत. हे ऐकून पुष्कळांचा जीव हळहळतो, परंतु येथेच खरी युक्ती आहे. शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. तो गेला की बुंध्यापासून धुमारे येतात. तिसऱ्या वर्षी शेवरी तोडून घ्यावी. तिच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठते, त्याने जमीनही सुधारते.

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेड्याकडे गोष्ट निराळी. तेथे पाऊस कमी, आणि पुष्कळ ठिकाणी जमीन मुरमाड. तेथे शेवरीला पाणी कोठून आणणार? शेताच्या बांधावर शेर किंवा थोर लावला तर तो पाण्यावाचून तग धरतो, आणि गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. परंतु मुलांनो, शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होते. म्हणून लहान मुले खेळतात त्या परसदारात शेर नको; तेथे अडुळसा बरा. त्याचा पाला कडू असल्याने शेळ्या त्याच्या वाटेला जात नाहीत.

माती पाहून झाड निवडण्याचा हा धडा इंग्रजांनाही गिरवावा लागला होता. मिठावरील जकात चुकवून कोणी मीठ नेऊ नये, म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांनी २,००० मैलांहून लांब नाकेबंदी उभारली. तिची रेषा खानदेशच्या उत्तरेस खांडव्यावरून जात होती. गरिबाच्या मिठाला अडवणारी ती योजना निंद्यच. १८६७ पासून तिची व्यवस्था ॲलन ह्यूम यांच्याकडे होती. पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. वाळलेल्या काटेरी कुंपणाला वाळवी व आग ग्रासू लागली, तेव्हा त्यांनी जिवंत कुंपण वाढविण्यावर भर दिला. आणि एकच झाड सगळीकडे जगत नाही हे दिसताच कोठे बाभूळ, कोठे बोर, कोठे करवंद, तर कोठे निवडुंग अशी लागवड करविली. १८७९ साली ती नाकेबंदी उठली.

निवडुंगाचा मात्र पुढे मोठा जाच झाला. अमेरिकेतून आलेला हा फड्या निवडुंग कुंपणाला सोयीचा, कारण त्याचे एक पेर मातीत पडले तरी मूळ धरते. याच गुणाने तो कुंपण सोडून रानात व कुरणांत शिरला आणि गुरांच्या वाटा बंद झाल्या. अखेर १९२६ साली श्रीलंकेतून त्याच्यावर जगणारा एक किडा आणून सोडण्यात आला, तेव्हा त्याचा जोर ओसरला. आज वेडी बाभूळ तशीच पसरत आहे. शेळ्या तिच्या गोड शेंगा खातात आणि बी लेंड्यांतून दूरवर पडते. म्हणून कुंपणासाठी कोणी नवे रोप देऊ केले, तर ते किती भराभर वाढते एवढेच न विचारता, ते बी कोठे टाकते हेही विचारून घ्यावे.